फुगलेल्या बॅटरीवर वजन ठेवू नका

या महिन्यात नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची आहेत. एप्रिल-मे महिन्यांत माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपांतही हीच तक्रार वारंवार दिसते, म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे फुगलेल्या बॅटरीला दिले आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिक्षिका असून गंगापूर रोड परिसरात राहते. २०२० साली ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला लॅपटॉप मी आजही रोज वापरते. गेल्या महिन्यापासून त्याच्या टचपॅडचे बटण दाबले जाईना. आत धूळ गेली असावी असे समजून मी माऊस जोडला आणि काम चालू ठेवले. पंधरा दिवसांनी झाकण नीट मिटेनासे झाले आणि टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगू लागला. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी रात्रभर त्यावर जाडजूड शब्दकोश रचून ठेवले. सकाळी फुगवटा थोडा बसल्यासारखा वाटला, पण दोन दिवसांत पुन्हा होता तसा झाला. एका दुकानदाराने टाचणीने हवा काढून देतो, आणखी वर्षभर चालेल, असे सांगितले. दुसऱ्याने नवी बॅटरी सुचवली, पण ‘ओरिजिनल’ आणि ‘कॉम्पॅटिबल’ यांच्या किमतींत मोठा फरक आहे. लॅपटॉपमध्ये दहावीच्या मुलांच्या मूल्यमापनाच्या सर्व नोंदी आहेत, त्या जातील का? आणि जुनी बॅटरी घंटागाडीत दिली तर चालेल का?
(एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : ताई, हे सदर छापून आपल्या हाती पडेपर्यंत बरेच दिवस जातात, म्हणून आपले पत्र वाचताच मी संपादकांमार्फत निरोप पाठवला होता की चार्जर काढून ठेवा, लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा त्यावर काहीही वजन ठेवू नका. त्यामागची कारणे आता सविस्तर सांगतो, कारण ती कळली की टाचणीचा सल्ला देणाऱ्याला ठामपणे नकार देता येतो.

आजच्या सडपातळ लॅपटॉपांमध्ये बहुधा पाऊच प्रकारचे सेल असतात. अ‍ॅल्युमिनिअमचा पातळ थर असलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ग्रॅफाइटचा लेप दिलेली तांब्याची पन्नी आणि कोबाल्ट, निकेल यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची पन्नी एकावर एक रचून किंवा गुंडाळून बसवलेली असते. दोन्ही पन्न्यांच्या मध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि त्याची जाडी साधारण २० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. ही सारी रचना इथिलीन कार्बोनेटसारख्या सेंद्रिय द्रावकांच्या मिश्रणात भिजलेली असते आणि हे मिश्रण ज्वालाग्राही असते. बॅटरी जुनी झाली, वारंवार तापली किंवा महिनोन्‌महिने पूर्ण चार्ज अवस्थेत राहिली, की या द्रावकांचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन, हायड्रोजन असे वायू तयार होतात. पाकीट हवाबंद असल्यामुळे त्यांना बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ते पुरीसारखे टम्म फुगते. लॅपटॉपच्या पुढच्या भागात, बहुतेक वेळा टचपॅडच्या खालीच बॅटरी असल्यामुळे पहिला दाब टचपॅडवर येतो आणि त्याचे बटण खालून रेटले गेल्यामुळे दाबले जात नाही. आपल्याला जी धूळ वाटली, ती फुगवट्याची पहिली खूण होती. आपलेच असे झाले असे नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण ‘टचपॅड बिघडला आहे’ असेच सांगत येतात.

दुकानदार जिला हवा म्हणतो ती हवा नव्हे, हे यावरून लक्षात येईल. टाचणी पाकिटात शिरली की ती केसाहून पातळ असलेले पडदे भेदून दोन्ही पन्न्यांना एकमेकींशी जोडते. त्या जागी शॉर्ट होऊन सेकंदांत प्रचंड उष्णता निर्माण होते, उष्णतेने शेजारच्या थरांतली रसायने फुटतात, त्यांतून आणखी उष्णता निघते आणि हे चक्र एकदा फिरू लागले की बाहेरून थांबवणे फार कठीण असते. शिवाय बाहेर पडणारा वायू स्वतःच पेटणारा असतो, आणि सेलमधील लिथियमचा फ्लोरिनयुक्त क्षार हवेतील बाष्पाच्या संपर्कात आला की हायड्रोजन फ्लोराइड हा डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक वायू तयार होतो. टाचणी टोचूनही काही झाले नाही असा अनुभव एखादा दुकानदार सांगेल. त्याच्या वाट्याला आलेली बॅटरी रिकामी होती, एवढाच त्याचा अर्थ. भोक पडलेल्या पाकिटात बाष्प शिरतच राहते आणि ती बॅटरी पुन्हा चार्ज करणे म्हणजे घरातल्या माणसांचा जीव धोक्यात घालणे आहे. ज्या दुकानात हा उपाय सुचवला जातो, तिथे लॅपटॉप उघडायलाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शब्दकोशांचेही तसेच आहे. वजनाखाली वायू नाहीसा होत नाही, तो पाकिटाच्या कडांकडे सरकतो, म्हणून सकाळी फुगवटा बसल्यासारखा दिसला. दाबामुळे पाकिटाची शिवण उसवू शकते आणि आतले थर वाकून एकमेकांना चिकटू शकतात. हेच मुद्दाम झाकण दाबून मिटवण्याला, लॅपटॉप घट्ट बॅगेत कोंबण्याला आणि फुगलेल्या तळाचे स्क्रू आवळण्यालाही लागू आहे. बहुतेक फुगलेल्या बॅटऱ्या पेट घेत नाहीत, हेही मी आपल्याला प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण त्या निमूट पडून राहतात त्या कोणी त्यांना दाबत, टोचत किंवा चार्ज करत नाही तोपर्यंत.

बॅटरी काढेपर्यंत लॅपटॉप फरशीवर किंवा दगडी ओट्यावर, सावलीत ठेवावा. गादी, पडदे, वह्यापुस्तके आणि गॅसचा सिलिंडर यांपासून तो दूर असावा. आतून सूं-सूं असा आवाज आला, पांढरा धूर दिसला किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर उग्र वास आला, तर लॅपटॉप उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. घरातल्या सर्वांना बाहेर काढून, दार ओढून घेऊन अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा.

आता मुलांच्या नोंदींविषयी. आपली माहिती बॅटरीत नसते, ती एसएसडीवर किंवा हार्ड डिस्कवर असते आणि बॅटरी बदलल्याने तिला काही होत नाही. फुगवटा वाढलेला असल्यामुळे केवळ बॅकअप घेण्यासाठी आपण लॅपटॉप चालू करू नये. बॅटरी काढल्यावर बरेच लॅपटॉप नुसत्या चार्जरवर सुरू होतात आणि तेव्हा माहिती पेन ड्राइव्हवर उतरवता येते. मात्र विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करण्याची बिटलॉकर नावाची सोय असते आणि अनेक लॅपटॉपांमध्ये ती वापरणाऱ्याच्या नकळत चालू झालेली असते. एसएसडी दुसऱ्या यंत्राला जोडली किंवा मूळ यंत्राच्या काही सेटिंग बदलल्या, तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती आधीच वहीत उतरवून घ्या. दुरुस्ती उत्तम होऊनही केवळ ही की न सापडल्यामुळे रडवेले झालेले ग्राहक मी पाहिले आहेत.

बॅटरी काढण्याचे काम घरी करू नये. ते कसे होते हे माहीत असावे म्हणून मागच्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर आलेल्या एका लॅपटॉपचे सांगतो, म्हणजे आपल्या समोर कोणी हे काम करत असेल तर ते नीट चालले आहे की नाही, हे आपल्याला ओळखता येईल. त्या लॅपटॉपचा तळ इतका वर आला होता की कडेच्या फटीतून आतली काळी पट्टी दिसत होती. अशा वेळी एका बाजूचे सगळे स्क्रू आधी काढले, तर ताणलेले झाकण पिळवटते आणि स्क्रू बसणारी पितळी नळी प्लॅस्टिकसकट उखडते. म्हणून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल करत गेलो. झाकण निघाल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवला. तीन सेलांपैकी मधला सेल उशीसारखा गोल झाला होता, बाजूचे दोन जवळजवळ सपाट होते. ही बॅटरी दुहेरी टेपने चिकटवलेली होती. तिच्याखाली पेचकस घालून ती उचकटणे हीच या कामातली सर्वांत धोकादायक चूक असते. मी टेपखालून जाड दोरा सरकवत, दोन्ही हातांनी ओढत ती कापली, त्याला वीस मिनिटे लागली. बॅटरी बाहेर येताच कनेक्टरची टोके चिकटपट्टीने झाकून ती कोरड्या वाळूने भरलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवली. मग मालकांनी टचपॅडवर बोट ठेवले आणि महिनाभर मुका झालेला तो टचपॅड टक्‌ असा वाजला. दरवेळी एवढ्यावर निभावत नाही. दाब फार दिवस राहिला असेल तर टचपॅडची पट्टी वाकते किंवा काचेला तडा जातो आणि तोही बदलावा लागतो, म्हणून पहिली खूण दिसताच यावे, असा माझा आग्रह असतो.

ओरिजिनल घ्यावी की कॉम्पॅटिबल, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची बॅटरी अधिकृत मार्गाने मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजून तीच घ्यावी. पण आपल्यासारख्या जुन्या मॉडेलची बॅटरी कधी कधी कंपनीकडेही उपलब्ध नसते. तेव्हा चांगल्या उत्पादकाची कॉम्पॅटिबल बॅटरी घेण्यात गैर काही नाही. घेताना जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-तास (बॅटरीत किती वीज मावते तो आकडा) हे तिन्ही आकडे जुळवून पाहावेत, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपांत तीन सेलची आणि चार सेलची अशा वेगवेगळ्या बॅटऱ्या बसवलेल्या असतात. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे, त्यामुळे लेबलवर आयएस १६०४६ हे मानक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. उत्पादनाची तारीखही पाहावी. बॅटरी न वापरताही जुनी होत असल्यामुळे, तीन-चार वर्षे दुकानाच्या माळ्यावर पडलेली ‘सीलबंद ओरिजिनल’ ही मला ताज्या कॉम्पॅटिबलपेक्षा कमी विश्वासाची वाटते. फक्त फुगलेला सेल बदलून जुनाच पॅक परत देण्याची तयारी कोणी दाखवली तर ती स्वीकारू नका. जुन्या आणि नव्या सेलांची क्षमता सारखी नसते आणि त्यांचा समतोल राहत नाही. पक्के बिल घ्या आणि त्यावर बॅटरीचा पार्ट नंबर व वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

घंटागाडीविषयी आपण विचारलेत याचा मला विशेष आनंद झाला, कारण हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. बॅटरी सुक्या कचऱ्यात कदापि टाकू नये. गाडीत कचरा दाबला जातो, पुढे तो खत प्रकल्पावर उपसला जातो, आणि तिथे ती बॅटरी चिरडली गेली तर आग लागते ती हातमोजेही धड नसलेल्या सफाई कामगाराच्या समोर. वापरलेल्या बॅटऱ्या हा घातक कचरा आहे आणि तो वेगळा ठेवून वेगळाच द्यायचा असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. लेबलवर काट मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह छापलेले असते ते याचसाठी. म्हणून नवी बॅटरी जिथे बसवाल तिथेच जुनी जमा करा आणि ती पुढे कोणाकडे जाते हे विचारा. दुकानदाराकडे सोय नसेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात द्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत पुनर्वापर केंद्रांची यादी असते आणि मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आपल्या सातपूरलाच आहे. भंगारवाल्याला मात्र देऊ नका. तो ती तांब्यासाठी फोडतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून इंदिरानगरमध्ये खोली घेऊन राहतो. माझा लॅपटॉप दिवसरात्र चार्जरवर असतो. रूममेटची बॅटरी फुगली, तेव्हापासून मला भीती वाटते. चार्जर लावून ठेवल्यामुळेच बॅटरी फुगते का? माझी फुगली आहे की नाही, हे कसे ओळखावे? आणि बॅटरी काढून टाकून लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवला तर?
(एक विद्यार्थी, इंदिरानगर)

उत्तर : चार्जर लावून ठेवला म्हणून बॅटरीत वीज भरतच राहते, असा समज आहे, तो बरोबर नाही. बॅटरी भरली की तिच्यातील सर्किट चार्जिंग थांबवते. त्रास होतो तो भरलेल्या अवस्थेत राहण्याचा. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्टच्या आसपास किंवा काही सेलांत त्याहून थोडा अधिक असतो, आणि या विद्युतदाबाला द्रावकांचे विघटन सर्वांत वेगाने होते. त्यात उष्णतेची भर पडली की वेग आणखी वाढतो. लिथियम-आयन सेलांसाठी सर्वसाधारणपणे वापरला जाणारा ठोकताळा असा आहे की, ४० टक्के चार्ज करून २५ अंश तापमानात वर्षभर ठेवलेल्या सेलची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते, तर पूर्ण चार्ज करून ४० अंशांत ठेवलेल्या सेलची सुमारे ६५ टक्केच उरते. नाशिकची हवा थंड असल्याचा आपल्याला अभिमान असतो, पण उन्हाळ्यात इथेही पारा चाळीशीला पोहोचतो. पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत, गादीवर ठेवून, खालची जाळी बंद झालेल्या अवस्थेत गेम खेळला जात असेल, तर बॅटरीजवळचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असते. तुमच्या रूममेटचा लॅपटॉप याच अवस्थेत असायचा का, हे एकदा आठवून पाहा.

यावर सोपा उपाय आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक कंपनी देते, पण तो मुळात बंद असतो. लेनोवो व्हँटेजमध्ये कन्झर्व्हेशन मोड, मायआसुसमध्ये बॅटरी केअर, डेलमध्ये बहुतांश वेळ चार्जरवर वापरण्याचा पर्याय, एचपीच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बॅटरी हेल्थ मॅनेजर, अशी वेगवेगळी नावे आहेत. ही सोय चालू केली की बॅटरी साधारण ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खालीच थांबते. तुम्ही दिवसरात्र टेबलावर काम करणार असाल तर ती आजच चालू करा. गादीऐवजी टेबलावर किंवा लाकडी फळीवर लॅपटॉप ठेवा आणि वर्षातून एकदा पंख्यावरची धूळ साफ करून घ्या.

फुगवटा ओळखण्यासाठी लॅपटॉप बंद करून स्वयंपाकघराच्या सपाट ओट्यावर ठेवा आणि चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने हलके बोट ठेवा. तो डुगडुगत असेल, तळाच्या झाकणाच्या कडेला नखाएवढी फट दिसत असेल, टचपॅड एका बाजूने वर आला असेल किंवा मिटलेल्या झाकणाची फट पूर्वीपेक्षा रुंद वाटत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसतात आणि बॅटरी किती थकली आहे ते कळते. पण फुगवटा मोजणारे कोणतेही उपकरण लॅपटॉपमध्ये नसते, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून बॅटरी फुगलेली नाही असे मानू नका. तीन तासांचा बॅकअप देणारी पण टम्म फुगलेली बॅटरी मी स्वतः काढली आहे.

बॅटरीशिवाय लॅपटॉप चालवण्याविषयी. बरेच लॅपटॉप चालतात, काही मुळीच सुरू होत नाहीत आणि काही स्वतःचा वेग कमी करून घेतात, कारण क्षणिक जास्त वीज लागली की चार्जरला बॅटरीची मदत लागते. वीज गेली की चालू काम त्याच क्षणी जाते. प्रोजेक्ट सादर करायला चार दिवस उरले असतील आणि नवी बॅटरी मागवलेली असेल, तर तेवढ्यापुरते चालवा. फुगलेली बॅटरी आत तशीच ठेवून ‘मी तर चार्जरवरच वापरतो’ असे म्हणणारे विद्यार्थी भेटतात. चार्जर जोडला की तीच बॅटरी चार्ज होत असते.

प्रश्न : माझा लॅपटॉप १४ महिन्यांचा आहे आणि त्याची बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला आहे. लॅपटॉपची वॉरंटी दोन वर्षांची असूनही, बॅटरी ही झिजणारी वस्तू असल्याने ती वॉरंटीत बसत नाही, असे सेवा केंद्राने फोनवर सांगितले. वर, लॅपटॉप कुरिअरने मुंबईला पाठवा, असेही सांगितले. मी काय करावे?
(एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : अनेक कंपन्या लॅपटॉपला दोन-तीन वर्षांची आणि बॅटरीला एकच वर्षाची वॉरंटी देतात, त्यामुळे आधी वॉरंटीपत्रातील बॅटरीचे कलम शांतपणे वाचावे. तिथे बहुधा क्षमता हळूहळू कमी होणे वगळलेले असते. क्षमता कमी होणे ही झीज आहे, पण चौदा महिन्यांत पाकीट फुगून टचपॅड उचलला जाणे याला झीज म्हणता येत नाही, असे माझे मत आहे आणि तसेच आपण लेखी मांडावे. फोनवरच्या संभाषणावर थांबू नका. लॅपटॉप न उघडता बाजूने फोटो काढा, सिरियल नंबर लिहा, ‘फुगलेली बॅटरी हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे’ असे स्पष्ट नमूद करून कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल पाठवा. त्याच सिरियल नंबरवरून आपले मॉडेल परत मागवलेल्यांत आहे का तेही कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. अ‍ॅपलने जून २०१९ मध्ये, सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात मुख्यतः विकलेल्या काही १५ इंची मॅकबुक प्रोंच्या बॅटऱ्या विनामूल्य बदलून दिल्या होत्या. अशा वेळी वॉरंटी संपलेली असली तरी हरकत नसते.

कुरिअरचा सल्ला मात्र मानू नये. बिघडलेल्या, फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायला मनाई आहे आणि पार्सल कोणत्या मार्गाने जाईल हे पाठवणाऱ्याच्या हाती नसते. आत काय आहे ते लपवून पाठवणे तर बेकायदाही आहे आणि माणुसकीला धरूनही नाही. तंत्रज्ञ पाठवा किंवा बॅटरी इथेच काढून बाकीचा लॅपटॉप पाठवण्याची लेखी परवानगी द्या, म्हणजे उघडल्याचे कारण दाखवून वॉरंटी नाकारली जाणार नाही, असे दोन पर्याय कंपनीसमोर ठेवा.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, म्हणजे आपल्याला मुंबईला खेपा घालाव्या लागणार नाहीत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. बिल, ईमेल आणि फोटो जपून ठेवा.

प्रश्न : आमच्या शाळेला देणगीतून मिळालेले १२ लॅपटॉप करोनाच्या काळानंतर कपाटात कुलूपबंद आहेत. येत्या जूनपासून ते मुलांना वापरायला द्यायचे आहेत. सगळे एकदम चार्जिंगला लावावेत, असा विचार आहे.
(एक मुख्याध्यापक, पेठ तालुका)

उत्तर : सर, एकदम चार्जिंगला लावू नका. न वापरलेली बॅटरी स्वतःहून थोडी थोडी उतरत जाते आणि दोन-तीन वर्षांत ती पूर्ण रिकामी झालेली असू शकते. सेलचा विद्युतदाब फार खाली गेला की आतल्या पन्नीचे तांबे विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे सुईसारखे जमून पडद्यापर्यंत पोहोचू शकते. चांगल्या बॅटरीतले संरक्षक सर्किट अशा सेलला चार्ज होऊ देत नाही, पण बारा जुन्या यंत्रांच्या बाबतीत केवळ त्याच्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही, विशेषतः ती मुलांच्या हाती जाणार असताना.

सुट्टीतच एखाद्या सकाळी, शाळेत मुले नसताना, कपाट उघडा. प्रत्येक लॅपटॉप वर सांगितल्याप्रमाणे सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते पाहा. जे डुगडुगतील, ज्यांची फट रुंद असेल किंवा ज्यांना गोडसर वास येत असेल, ते वेगळे काढून मोकळ्या, सावलीच्या व्हरांड्यात ठेवा आणि त्यांना चार्जर लावूच नका. उरलेल्यांपैकी एका वेळी दोनच, फरशीवर, कोणीतरी शेजारी बसलेले असताना चार्ज करा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने तळाला हात लावून पाहा. कोमट लागणे स्वाभाविक आहे, हात ठेववत नसेल तर लगेच चार्जर काढा. तासाभरात टक्केवारी हललीच नाही, तर ती बॅटरी गेली असे समजा. वेगळे काढलेले लॅपटॉप नाशिकला आणताना एसटीच्या गर्दीत, इतर सामानाखाली दाबून आणू नका. खाजगी गाडीतून, प्रत्येक लॅपटॉप वेगळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात सैल ठेवून आणा. बाराच्या बारा बॅटऱ्या बदलाव्या लागल्या तरी लॅपटॉप निकामी ठरत नाहीत. खर्चाचा अंदाज घेण्यासाठी आणण्यापूर्वी प्रत्येकाच्या तळावरील मॉडेल क्रमांकाचा फोटो संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. कोणत्या मॉडेलला कोणत्या पार्ट नंबरची बॅटरी लागेल, याची यादी मी आपल्याला करून देईन.